माणसं नसलेल्या बोटी

मी लढाईचा अभ्यास करते असं सांगितलं की लोक किल्ल्यांबद्दल विचारतात. मी ज्या लढाईचा अभ्यास करते ती अजून झालेली नसते. नवी यंत्रं आणि नव्या कल्पना आल्या की वीस-पंचवीस वर्षांनी सैन्य कसं दिसेल, त्यात माणसं काय करतील, यंत्रं काय करतील आणि निर्णय कोणाच्या हातात राहील, याचे अंदाज दिल्लीतली एक संस्था बांधते. तिथे मी नोकरी करते. सगळं काम उघड माहितीवर चालतं. माझ्याकडे गुपित असं काही नाही, हे मी रत्नागिरीतल्या शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितलं की त्यांची उलट खात्रीच पटली.

रत्नागिरीला आले ती बाबांच्या मोतीबिंदूसाठी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, म्हणून राहिले. काम घरून करता येत होतं, त्यामुळे दुसरा डोळा झाल्यावरही राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ व्यापारी जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात बाबा, वहिनी आणि मी. वहिनी मूळची राजापूरची. मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत ती माल रवाना करण्याचं काम बघते. कुठला कंटेनर कधी निघायचा, रस्ता बंद असेल तर कुठून वळवायचा, हे तिच्या डोक्यात सतत चालू असतं.

बाबा नौदलात सिग्नलमन होते. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला झेंड्यांनी किंवा दिव्याच्या उघडझापीने निरोप द्यायचा आणि त्याचा निरोप वाचायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपेपर्यंत त्या कामाचं महत्त्व बरंच कमी झालं होतं. त्याबद्दल ते कधी हळहळले नाहीत. 'काम बदलतं, त्यात काय' एवढंच म्हणायचे. निवृत्त झाले ते चीफ पेटी ऑफिसर म्हणून. आमच्या शेजारी राहणारे चाचा व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. दोघांची जहाजं वेगळी, धर्म वेगळे, पण दोघेही एकमेकांना 'चीफ' म्हणतात. फाटकातून 'काय चीफ?' अशी हाक आली की नवख्या माणसाला कोण कोणाला बोलावतंय ते कळत नाही.

त्या वर्षी माझ्याकडे एक खेळ तयार करण्याचं काम होतं. आमच्या क्षेत्रात अशा खेळांना बरंच महत्त्व आहे. नकाशा मांडायचा, दोन बाजू करायच्या, प्रत्येकीला काही जहाजं, काही विमानं द्यायची आणि एक परिस्थिती सांगायची. मग अधिकाऱ्यांना बसवून ते काय करतात ते बघायचं. जिंकतो कोण याला फारसा अर्थ नसतो. माणूस कुठल्या क्षणी काय ठरवतो आणि का, ते टिपायचं असतं. माझ्या खेळातला प्रश्न असा होता: ज्या आरमारात मोठी जहाजं थोडी आणि माणसं नसलेल्या छोट्या बोटी पुष्कळ, ते आरमार चालवणारा अधिकारी जुन्या पद्धतीच्या अधिकाऱ्यापेक्षा वेगळा वागेल का?

असा खेळ मोठ्या हॉलमध्ये मांडण्याआधी कुठेतरी खेळून बघावा लागतो, नाहीतर नियमांतल्या फटी भर सभेत उघड्या पडतात. दिल्लीत त्यासाठी सहकारी असतात. इथे मी, बाबा, वहिनी आणि चाचा होतो. देश काल्पनिक, किनारा काल्पनिक, त्यामुळे घरी खेळायला कुणाची हरकत नव्हती.

एका रविवारी जेवणं झाल्यावर टेबल पुसून मी नकाशा अंथरला. बाबा नव्या डोळ्यांनी त्यावर वाकले.

"ही जयगडची खाडी," ते म्हणाले.

"नाही बाबा. ही कुठलीच खाडी नाही."

"तोंडाशी बंदर हाय, उत्तरेला कडा हाय. मग?"

"दुसरं काही सुचलं नाही म्हणून तशी काढली," मी कबूल केलं.

माणसं असलेल्या जहाजांना मी कॅरमच्या सोंगट्या दिल्या. माणसं नसलेल्या बोटींना शर्टाची बटणं. आणि आकाशातून झुंडीने येणाऱ्या स्वस्त ड्रोनसाठी चिंचोके. बाबांकडे बंदराचं रक्षण. वहिनीकडे समोरचा देश. चाचांकडे बंदरात ये-जा करणारी मालवाहू जहाजं, म्हणजे लढाईशी काही देणंघेणं नसलेली बाजू. मी पंच. परिस्थिती साधी होती. युद्ध पुकारलेलं नाही, पण समोरचा देश बंदराबाहेर घिरट्या घालून व्यापाराला त्रास देतोय. प्रत्येक फेरीत दोघांनी आपापला हुकूम सांगायचा, मी परिणाम सांगायचा.

पहिल्या रविवारी बाबांना जुन्या पद्धतीचं आरमार दिलं, नुसत्या सोंगट्या. वहिनीने आपलं एक जहाज सरळ खाडीच्या तोंडाशी आणलं. बाबांनी त्याला इशारा दिला. तिने ऐकलं नाही. बाबांनी पुन्हा इशारा दिला, मग आपलं एक जहाज तिच्या बाजूने समांतर चालवलं, मग आणखी एक मागे उभं केलं.

"बाबा, लढणार कधी तुम्ही?" वहिनीने विचारलं.

"कशाला? तू कंटाळून परत जाशील."

ती खरोखर कंटाळली. चहापर्यंत एकही गोळी सुटली नाही आणि चाचांची सगळी जहाजं सुखरूप बंदरात आली. चाचा म्हणाले, "हा खेळ चांगला आहे बेटा. काहीच होत नाही." मला तेवढंच हवं होतं. तुलनेसाठी एक टोक मिळालं.

पुढच्या रविवारी तीच परिस्थिती मांडली आणि बाबांच्या सोंगट्या काढून घेतल्या. एकच ठेवली, ते मुख्य जहाज. त्यावर साठेक माणसं, आणि तिथून चालवायच्या भरपूर रिकाम्या बोटी, म्हणजे बटणं. वहिनीचं आरमार आधीसारखंच ठेवलं, फक्त तिला चिंचोके जास्त दिले.

वहिनीने मागच्यासारखंच एक जहाज खाडीच्या तोंडाशी आणलं. बाबांनी इशारा दिला. एकदाच. मग त्यांनी तीन बटणं उचलली आणि तिच्या जहाजाच्या थेट वाटेत नेऊन ठेवली.

"ती माझ्या जहाजाला आपटतील," वहिनी म्हणाली.

"तू थांब म्हणजे आपटणार नाहीत."

ती थांबली नाही. दोन बोटी फुटल्या. मी ते सांगितलं, तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी सहा आणखी पाठवल्या. वहिनीने चिंचोक्यांची एक मूठ पुढे सरकवली. बाबांनी हातात होत्या नव्हत्या तेवढ्या बोटी तिच्या दुसऱ्या जहाजावर सोडल्या, आणि ते जहाज मला बुडालेलं जाहीर करावं लागलं. बाबा खुशीत आले. मी त्यांना पत्ते खेळतानाही इतकं पुढे सरसावून बसलेलं पाहिलेलं नाही. हुकूम सांगताना त्यांच्या तोंडात जहाजावरची जुनी हिंदी यायला लागली.

चाचांनी आपली मालवाहू जहाजं नकाशाच्या कडेला नेऊन ठेवली. "माझे मालक आता इकडे बोट पाठवणार नाहीत," ते म्हणाले. "तुमचं आटपलं की सांगा."

त्याच फेरीत वहिनीने उरलेले सगळे चिंचोके एका दिशेने सोडले, बाबांच्या मुख्य जहाजाकडे. त्याच्या आसपास एकही बोट शिल्लक नव्हती, बाबांनी सगळ्या पुढे पाठवल्या होत्या. मी दोन फासे टाकले आणि आलेला आकडा बघून म्हटलं, "मुख्य जहाज गेलं."

बाबांनी विचारलं, "माणसं?"

"साठ होती."

"वाचली किती?"

नियमांत त्याची सोय नव्हती. जहाज गेलं म्हणजे सोंगटी उचलायची, पुढे काही नाही. मी तसं सांगितलं. बाबा उठले, चपला घातल्या आणि मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून येतो म्हणून निघून गेले. चाचा त्यांच्यामागे गेले.

आम्ही दोघी चिंचोके गोळा करत होतो. वहिनी म्हणाली, "वन्सं, मी जास्त केलं काय गो?"

"नियमात होतं तेच केलंस."

"मला वाटलं बाबा मागे एखादी तरी बोट ठेवतील. मागच्या वेळी किती जपून खेळले होते."

माझ्या मनातही तेच होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बाबांची काळजी कमी आणि कुतूहल जास्त वाटत होतं. बोटीत माणूस नसेल तर ती पुढे पाठवायला अधिकाऱ्याचा हात अडखळत नाही, आणि म्हणून भांडण लवकर पेटतं, असं म्हणणारे आमच्या क्षेत्रात आहेत. त्याच्या नेमकं उलट म्हणणारेही आहेत: माणूस मरायची भीती नसेल तर अधिकारी शांतपणे वाट बघू शकतो. मी दोन्ही मतं वाचली होती, त्यांच्यावर लिहिलं होतं. एका सावध माणसाला एका आठवड्याच्या अंतराने दोन वेगवेगळी माणसं झालेलं मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

दिवेलागणीला बाबा परत आले ते ठीक होते. पडवीत बसले. मी चहा नेऊन दिला. त्यांनी आपणहून विषय काढला.

"रिकाम्या बोटी हायत म्हटल्यावर मला काय वाटेनासंच झालं बघ," ते म्हणाले. "दोन गेल्या, वाटलं जाऊ देत. मग चार गेल्या. मग तुझी वहिनी समोर बसलीय हेसुद्धा विसरलो."

"खेळ आहे बाबा."

"ते कळतंय मला."

मग त्यांनी एक जुनी हकिगत सांगितली. ते जहाजावर असताना एकदा पहाटेच्या धुक्यात एक छोटी होडी सरळ त्यांच्या रोखाने येताना दिसली. वायरलेसला उत्तर नाही. तेव्हा वातावरण तापलेलं होतं, आणि कुठलीही होडी नुसतीच होडी असेल असं धरून चालता येत नव्हतं. कॅप्टनने तोफेवरच्या माणसाला तयार राहायला सांगितलं आणि बाबांना दिव्याने विचारत राहायला सांगितलं. बाबा विचारत राहिले. कोण तुम्ही, थांबा. कोण तुम्ही, थांबा. होडी जवळ येत राहिली. कॅप्टन दोनदा बोलायला गेला आणि दोन्ही वेळा गप्प बसला. शेवटी धुकं हललं आणि दिसलं की मासेमारीची होडी आहे, इंजिन बंद पडून वाहत आलेली. वरची माणसं दोन्ही हात हलवत उभी होती. दिव्याची भाषा त्यांना कुठून येणार?

"का थांबला कॅप्टन?" मी विचारलं.

"आम्ही सगळे जहाजावर होतो म्हणून. होडीत स्फोटकं असती तर आम्हीच गेलो असतो, तरी थांबला. आपण भितोय, तसे समोरचेही भीत असतील, असं त्याला वाटलं असावं."

माझा स्वभाव मध्ये आला. मी म्हटलं, "पण बाबा, वर माणसं होती म्हणूनच एखादा कॅप्टन आधी गोळी मारू शकला असता. आपली माणसं वाचवायला. रिकामी बोट पुढे पाठवता आली असती, तर तिने जवळ जाऊन बघितलं असतं आणि कुणालाच धोका नसता."

बाबांनी चहा संपवला. "असता," ते म्हणाले. "तू म्हणतेस तसंही झालं असतं. पण मी आज तिला बघायला पाठवलं नाही. आपटायला पाठवलं."

रिकामा कप त्यांनी माझ्या हातात दिला. फक्त एवढं म्हणाले की यापुढे मी खेळणार नाही, तुम्ही खेळा.

मला मात्र खेळणं भाग होतं. एका माणसाच्या एका खेळावरून काही ठरवता येत नाही. पुढच्या रविवारी रिकाम्या बोटींचं आरमार चाचांना दिलं. बाबा बाजूच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले. निदान पेपर उघडा होता.

चाचांनी अख्खी दुपार एकही बटण पुढे सरकवलं नाही. वहिनीने डिवचलं, खाडीच्या तोंडाशी तीन जहाजं आणून उभी केली, चिंचोके त्यांच्या डोक्यावरून फिरवून परत नेले. चाचा म्हणाले, "फिरव, फिरव."

"चाचा, बोटीत कोणी नाही," मी आठवण करून दिली. पंचाने हे सांगायला नको होतं.

"कोणी नसलं म्हणून काय? इंजिन आहे ना आत? कुणीतरी बसून ते जोडलंय. मी उगाच कशाला फोडून घेऊ?"

पेपरामागून बाबा म्हणाले, "चीफ, बंदर जाईल तुझं."

"जाऊ दे चीफ. दुसरं बांधू."

बंदर गेलं. वहिनीने ते एकही गोळी न झाडता नुसतं कोंडून घेतलं आणि नंतर स्वतःच म्हणाली की हे जिंकणं काही खरं नाही. नौदलाच्या दृष्टीने चाचांचा पराभव बाबांच्या पराभवापेक्षा मोठा होता, कारण बाबांनी निदान समोरचं एक जहाज बुडवलं होतं. माणूस मात्र चाचांचा एकही गेला नाही. मी दोन्ही खेळांची टिपणं समोर ठेवली तेव्हा त्यांतून एक सरळ वाक्य निघेना. यंत्र तेच, परिस्थिती तीच, आणि दोन म्हाताऱ्यांनी त्याचं दोन टोकांचं काहीतरी केलं.

तरी एक गोष्ट मी केली. नियमांत एक कलम वाढवलं. माणसं नसलेली बोट माणसं असलेल्या जहाजावर पाठवायची असेल, तर अधिकाऱ्याने त्याचं कारण मोठ्याने सांगायचं. बस, एवढंच. कारण पटलं पाहिजे अशी अट नाही. वहिनी म्हणाली, "कंपनीत आम्हालापण असंच करायला लावतात. गाडी वळवायची तर का वळवली ते फोनवर सांगायचं. निम्म्या वेळा सांगता सांगताच कळतं की वळवायला नको होती." बाबांना मी हा नियम दाखवला. ते म्हणाले, चांगला आहे. परत खेळायला मात्र बसले नाहीत.

खरा खेळ काही महिन्यांनी एका मोठ्या शहरात झाला. वातानुकूलित हॉल, भिंतीवर पडदे, माझ्या बटणांच्या जागी पडद्यावरचे निळे ठिपके. अधिकारी हुशार होते आणि सभ्य होते. बऱ्याच जणांनी असल्या बोटी प्रत्यक्ष चालवलेल्या होत्या, म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी मागे बसून टिपणं घेत होते.

पहिल्या फेरीत कारण सांगायचा नियम सगळ्यांनी पाळला. दुसऱ्या फेरीत एका अधिकाऱ्याने हात वर करून विचारलं की यात वेळ जातो, प्रत्यक्षात इतका वेळ मिळणार आहे का? प्रश्न योग्य होता. आमच्या संचालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही मिळणार. नियम काढून टाकला गेला. त्यानंतर खेळ भराभर पुढे सरकला. काही जणांनी बाबांसारखं केलं, काही जणांनी चाचांसारखं, बरेचसे मध्ये कुठेतरी होते. नियम काढल्यामुळे फरक पडला की खेळ तसाही त्या टप्प्याला आला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. ते तपासायला तोच खेळ त्याच लोकांबरोबर पुन्हा खेळावा लागला असता, आणि ते शक्य नसतं.

अहवालाच्या कच्च्या मसुद्यात मी घरच्या चाचणीवर एक परिच्छेद लिहिला होता. संचालकांनी फोन केला. "लिहिलंय छान," ते म्हणाले, "पण हा पुरावा नाही. तुमचे वडील, शेजारी आणि वहिनी." मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही काढला असता. परिच्छेद गेला. त्या मुद्द्यावर एक वाक्य राहिलं: मानवरहित साधनांमुळे संघर्ष लवकर पेटतो की लांबतो, याबाबतची निरीक्षणं परस्परविरोधी आहेत आणि अधिक अभ्यासाची गरज आहे. असं वाक्य मी आजवर पुष्कळ अहवालांत लिहिलं आहे. ते खोटं नसतं.

अहवाल बाहेर आला तेव्हा मी रत्नागिरीतच होते. बाबांनी छापलेली प्रत मागून घेतली आणि पडवीत बसून दोन दुपारी वाचली. इंग्रजी त्यांना चांगलं येतं, तरी त्या एका वाक्यावर बोट ठेवून त्यांनी मला बोलावलं.

"परस्परविरोधी म्हणजे?"

"काहींनी तुमच्यासारखं केलं. काहींनी नाही."

"माझ्यासारखे जास्त होते काय?"

"थोडे जास्त."

"वयाने केवढे?"

"तिशी-पस्तिशीचे असतील."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मुख्य जहाज कुणाचं गेलं काय?"

"एकाचं गेलं."

"काय केलं त्याने?"

मी आठवून बघितलं. तो उंच, शांत अधिकारी होता. पडद्यावरचा ठिपका विझला तेव्हा त्याने शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून घेतले, कागद सारखे केले. आणि तेवढ्यात सत्र संपलं होतं.

"चहाची सुट्टी झाली होती बाबा," मी म्हटलं. "सगळे बाहेर गेले. तो पण गेला."

"बोलला नाही काही?"

"माझ्याशी नाही."

बाबांनी अहवाल मिटून माझ्या हातात दिला. "विचारायचं होतंस त्याला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कामातली एखादी राहून गेलेली गोष्ट दाखवावी, तसं ते बोलले.

मला ते सुचलं नव्हतं. आमच्या टिपणांत निर्णयाच्या आधीचे रकाने खूप असतात, नंतरचा एकही नसतो. पुढच्या खेळासाठी मी तसा रकाना घालून पाठवला आहे. संचालकांनी विचार करू म्हटलंय. दरम्यान वहिनीला त्यांनी एका ऑनलाइन सरावात समोरच्या देशाची बाजू घ्यायला बोलावलं, माझ्याच शिफारशीवरून. ती सुट्टी टाकून बसली, आणि बाबा तिच्या मागे खुर्ची घेऊन सगळा वेळ बसून बघत होते.